येणे बाकी

एक मंगळवार. ३१ डिसेंबर १८४४. मनिलात सोमवारी रात्री निजलेली माणसं उठली ती थेट बुधवारी, १ जानेवारी १८४५ला. स्पेननं फिलिपिन्सची ही वसाहत अडीचशे वर्षं मेक्सिकोमार्फत चालवली. जहाजं अमेरिकेच्या बाजूनं येत, म्हणून तारीखही अमेरिकेची. शेजारच्या मकावमध्ये मंगळवार उजाडला तरी मनिलात सोमवारच. मेक्सिको स्वतंत्र झाला आणि या तारखेला काही अर्थ उरला नाही. मग गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यानं हुकूम काढून एक दिवस खोडून टाकला. या देशातून हरवलेल्या वस्तूंच्या यादीतली ही एकच अशी, की जी परत मागायला कुणी आलं नाही.

आडनावं. हुकूम त्याच क्लावेरियाचा, २१ नोव्हेंबर १८४९चा. करवसुलीच्या वह्यांत जिकडेतिकडे दे ला क्रूझ आणि दे लोस सान्तोस. बापाचं नाव एक, पोराचं भलतंच. पट्टी कुणाकडून घ्यायची? सरकारनं सुमारे साठ हजार आडनावांची वर्णानुक्रमे यादी छापली, तिची पानं प्रांतांना धाडली आणि प्रांतांनी ती गावांत वाटली. काही ठिकाणी अख्ख्या गावाच्या वाट्याला एकच अक्षर आलं. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही आडनावं ‘र’नं सुरू होतात. चार पिढ्या एकच आडनाव चालत आल्याचं ज्यांना दाखवता आलं, त्यांना ते ठेवू दिलं. बाकीच्यांनी पानावरचं घेतलं. गोव्यात आडनाव बाप्तिस्म्याबरोबर आलं, इथे ते बहुतेकांच्या घरी छापखान्यातून आलं. यादीत बरेच स्थानिक शब्दही होते, पण भाव चढला तो स्पॅनिश नावांचा. ‘आमचा पणजोबा स्पॅनिश होता’ असं अनेक घरांत सांगतात. त्यातले पुष्कळसे पणजोबा या यादीतल्या एखाद्या ओळीतून उतरलेले असणार.

ताम्रपट. हा हरवला आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. १९८९ साली लागुना प्रांतात लुम्बांग नदीच्या मुखाशी वाळू काढताना वहीच्या पानाएवढा एक काळवंडलेला पत्रा वर आला. जुन्या वस्तूंच्या दुकानदारांकडून फिरत फिरत तो राष्ट्रीय संग्रहालयात पोचला. लिपी कावी, भाषा जुनी मलय, तीत संस्कृत मिसळलेली. तो वाचला आन्तून पोस्तमा या डच अभ्यासकानं, ज्यानं आयुष्य मिंदोरो बेटावरच्या मांग्यान लोकांत काढलं होतं. मजकूर ऋणमुक्तीचा: नामवरान नावाच्या माणसाचं सोन्यातलं कर्ज फिटलं, आता त्याच्या मुलाबाळांकडे काही मागू नये. मराठी वाचकानं इथे जरा थांबावं, कारण तारीख आपल्या पंचांगातली आहे. शके ८२२, वैशाख, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे आपल्या हिशेबानं संकष्टी. सन ९००. तोवर शाळेच्या पुस्तकांत देशाचा लिखित इतिहास १५२१ साली मॅगेलानच्या जहाजांबरोबर सुरू व्हायचा. एका कर्जफेडीच्या पावतीनं तो सहाशे वर्षं मागे नेला.

सोनं. १९८१ साली सुरिगावमध्ये मातीकाम करणाऱ्या यंत्रचालकाला सोन्याचा साठा लागला. त्यात जानव्यासारखं, एका खांद्यावरून तिरकं उतरणारं सोन्याचं आभूषण आहे. वजन जवळजवळ चार किलो. खांदा कुणाचा होता, ते कळत नाही. आज ते मनिलातल्या आयाला संग्रहालयात काचेमागे आहे. त्याआधी, १९१७ साली, आगुसान प्रांतात एका मानोबो बाईला सोन्याची बसलेली देवी मिळाली होती. बहुतेक अभ्यासक तिला तारा म्हणतात. ती शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. येणे बाकी.

लिपी. बायबायिन. सतरा अक्षरं: तीन स्वर, चौदा व्यंजनं. व्यंजनात ‘अ’ मुरलेला, आपल्यासारखाच. अक्षराच्या डोक्यावर टिंब दिलं की ‘इ’ किंवा ‘ए’, पायाशी दिलं की ‘उ’ किंवा ‘ओ’. शब्दाच्या शेवटचं अर्धं व्यंजन लिहीतच नसत, वाचणारा ते मनानं भरून घेई. धर्मोपदेशकांची त्यानं अडचण होई. १५९३ साली मनिलात छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या प्रार्थनापुस्तकात स्पॅनिश आहे, रोमन लिपीतली तागालोग आहे आणि बायबायिनही आहे. त्याची आज माहीत असलेली एकच प्रत उरली आहे, तीही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. पुढे १६२०च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेझ या पाद्र्यानं अक्षराखाली छोटा क्रूस काढून हलन्ताची सोय केली. लिहिणाऱ्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

स्पॅनिशांनी ही लिपी जाळून टाकली, असं पुष्कळदा सांगतात. गोष्ट सांगायला बरी आहे, पण ज्यांनी तिच्यात पुस्तक छापलं त्यांनीच ती जाळली, हे मला नीट पटत नाही. मनिलाच्या सान्तो तोमास विद्यापीठात १६१३ आणि १६२५ सालची जमिनीची दोन खरेदीखतं आहेत, बायबायिनमध्ये लिहिलेली. म्हणजे तोवर या लिपीत व्यवहार होत होता. मग कचेरीत, चर्चच्या नोंदवहीत, सहीच्या जागी, सगळीकडे रोमन लागू लागली. दोन लिपी शिकून पोट एकीवरच भरत असेल, तर दुसरी कोण शिकणार? मोडी जाताना कुणी होळी पेटवली नव्हती.

ती टिकली ती डोंगरात. मिंदोरोचे हानुनुओ आणि बुहिद, पालावानचे ताग्बान्वा. हानुनुओ मांग्यान सुरीच्या टोकानं बांबूवर अक्षरं कोरतात आणि सात-सात अक्षरांच्या ओळींत आम्बाहान रचतात: मागणी घालायला, पाहुण्याला निरोप द्यायला, पोराला चार शब्द सुनवायला. जी गोष्ट तोंडावर बोलता येत नाही ती आम्बाहानात बोलता येते. गिनाव बिलोग हे असे एक कवी. १९९३ साली ज्या तिघांना सरकारनं पहिल्यांदा जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलं, त्यांतले ते एक.

शहरात बायबायिन परतली आहे ती दंडावरच्या गोंदणात, टी-शर्टवर, कॉफीच्या दुकानांच्या पाट्यांवर. नोट उजेडासमोर धरली की ‘पिलिपिनो’ ही अक्षरं बायबायिनमध्ये दिसतात. तिला राष्ट्रीय लिपी करण्याची विधेयकं संसदेत येतात आणि पडून राहतात. त्या लिपीत किराण्याची यादी कुणी लिहीत नाही. मला विचाराल तर खरी परीक्षा तीच.

शिंपल्याची खिडकी. मनिलातल्या जुन्या वाड्यांना काचेऐवजी कापिस शिंपल्यांच्या चकत्या असत. चौकोनी जाळीत बसवलेल्या, ऊन गाळून आत घेणाऱ्या, रुळांवर सरकणाऱ्या. गोव्यातल्या जुन्या घरांत अशाच शिंपल्याच्या खिडक्या आहेत. शिंपलाही त्याच जातीचा. दोन्हीकडे काच स्वस्त झाली आणि शिंपला गेला. आता कापिस दिव्यांच्या झुंबरांत आणि नाताळच्या चांदण्यांत दिसतो, निर्यातीच्या खोक्यांत जास्त.

नाक. बाळाचं नाक चिमटीत धरून वर ओढायचं, म्हणजे ते बसकं राहत नाही. ही आजीबाईंची रीत अजून आहे. नाकाला लावायचे चिमटेही विकत मिळतात. साबणाच्या फळीवर पपईचा साबण, कोजिकचा साबण, शेजारी ग्लुटाथायोनच्या गोळ्या; सगळ्यांचा वायदा एकच, गोरेपणाचा. यादीत या नोंदीचं नाव काय ठेवावं? नाहीसा होतोय तो रंग नव्हे. रंग आहे तिथेच आहे.

‘स्टेटसाइड’. अमेरिकेहून आलेलं, म्हणजे उत्तम. अमेरिकी तळांच्या दुकानांतून बाहेर झिरपणारी चॉकलेटं, साबण, डबाबंद मांस यांना हे विशेषण लागे. १९९१च्या जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि क्लार्कचा हवाई तळ राखेखाली गेला. १६ सप्टेंबरला सिनेटनं ११ विरुद्ध १२ मतांनी तळांचा नवा करार फेटाळला. १९९२च्या नोव्हेंबरात सुबिकचा नाविक तळही रिकामा झाला. शब्द म्हातारा झाला. वस्तू मात्र परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या मोठ्या खोक्यांतून येतच राहिल्या.

शाळेतली भाषा. १९०१च्या ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाच्या लष्करी जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरले. बेटांवर तेव्हा अमेरिकेशी लढाई चालूच होती. शाळा फुकट, पुस्तकं फुकट, माध्यम इंग्रजी. स्पेननं तीनशे वर्षांत जितक्यांना स्पॅनिश शिकवली नाही तितक्यांना अमेरिकेनं एका पिढीत इंग्रजी शिकवली, आणि लोकांनी ती आनंदानं घेतली, हेही लिहायला हवं. रेनातो कॉन्स्तान्तिनो यांनी ‘द मिसएज्युकेशन ऑफ द फिलिपिनो’ या निबंधात या शाळेचा हिशेब मांडला. निबंध इंग्रजीत. आणखी कशात लिहिणार? ज्यांना तो वाचायला हवा होता, ते सगळे त्याच शाळेतून बाहेर पडलेले.

वर्गात घरच्या भाषेतला शब्द निघाला की दंड, ही पद्धत किती तरी शाळांत होती. २०१३ साली इलोकोस नॉर्ते प्रांतातल्या एका शाळेनं तीन मुलांना शाळा सोडायला लावली. ती शाळेत इलोकानो बोलली होती. गंमत अशी, की त्याच काळात सरकारनं तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचं धोरण आणलं होतं, २०१२पासून. पुस्तकं अपुरी, शिक्षक परभाषक, वर्गात तीन-तीन भाषांची मुलं. पालकांची तक्रार वेगळीच: पोरगं इंग्रजीत मागे पडेल, मग दुबईला, सिंगापूरला नोकरी कशी लागेल? त्या तक्रारीला हसण्यात अर्थ नाही, कारण त्या देशात लाखो घरांची चूल बाहेरून येणाऱ्या पैशांवर पेटते. ऑक्टोबर २०२४मध्ये नव्या कायद्यानं मातृभाषेची सक्ती उठवली. आता ती चालेल ती सगळी मुलं एकाच भाषेची असलेल्या वर्गात, आणि तेही त्या भाषेला ठरलेलं शुद्धलेखन, नोंदलेला शब्दसंग्रह, साहित्य, व्याकरणाचं पुस्तक आणि शिकवणारा शिक्षक असेल तर. दंड करून घालवलेल्या भाषेकडे आता कागदपत्रं मागितली जात आहेत.

स्पॅनिश. हीसुद्धा गेलेल्यांत. १९८७च्या राज्यघटनेनं तिचं अधिकृत स्थान काढलं, महाविद्यालयातली सक्तीही उठली. होसे रिसाल यांच्या दोन्ही कादंबऱ्या, १८८७ची ‘नोली मे तान्हेरे’ आणि १८९१ची ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’, स्पॅनिशमध्ये आहेत. १९५६च्या कायद्यानं रिसाल अभ्यासक्रमात सक्तीचे केले. मुलं त्यांना तागालोग किंवा इंग्रजी भाषांतरात वाचतात. ज्या लेखनापायी स्पेननं ३० डिसेंबर १८९६ला त्यांना गोळ्या घातल्या, ते मुळातून वाचणारे त्यांच्याच देशात थोडे उरले. याच रिसाल यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून आंतोनियो दे मोर्गाचं १६०९ सालचं पुस्तक हातानं उतरवून काढलं आणि १८९०मध्ये पॅरिसला आपल्या टिपांसह छापलं. स्पॅनिश येण्याआधी आमच्याकडे काय होतं, याची साक्ष त्यांनी स्पॅनिश अधिकाऱ्याच्याच तोंडून काढली. मनिलाच्या एर्मिता भागात स्पॅनिश आणि तागालोग यांच्या मिसळणीतून झालेली एक चाबाकानो बोली होती. १९४५च्या लढाईत एर्मिता जमीनदोस्त झालं, बोलणारे मेले किंवा पांगले. तिच्या बहिणी काविते आणि साम्बोआंगात अजून बोलल्या जातात. ही बोली देशी की परकी? मी तिला यादीत घेतलं आहे.

घंटा. तीन. सामार बेटावरच्या बालांगिगा गावच्या चर्चमधल्या. २८ सप्टेंबर १९०१ला गावकऱ्यांनी तिथल्या अमेरिकी तुकडीवर हल्ला केला, ४८ सैनिक मारले गेले. उत्तरादाखल जनरल जेकब स्मिथनं दहा वर्षांवरच्या, हत्यार धरू शकणाऱ्या प्रत्येकाला मारायचा हुकूम दिला आणि सामार जाळलं. घंटा लुटीत गेल्या: दोन वायोमिंगमधल्या तळावर, एक दक्षिण कोरियातल्या अमेरिकी पलटणीकडे. डिसेंबर २०१८मध्ये तिन्ही परत आल्या, ११७ वर्षांनी. स्पेननं आणलेल्या धर्माच्या घंटा अमेरिकेनं नेल्या आणि गावानं त्या ‘आमच्या’ म्हणून परत मागितल्या. शुद्ध देशी काय आणि परकं काय याचे काटेकोर तक्ते करणाऱ्यांनी बालांगिगाला एकदा जाऊन यावं.

मीठ. हे मी जरा सावकाश लिहितो. बोहोल बेटावर आल्बुर्केर्के गावात ‘आसिन तिबुओक’ करतात. नारळाची सोडणं समुद्रकाठच्या खड्ड्यांत कित्येक महिने खाऱ्या पाण्यात मुरवायची. काढून, तोडून, वाळवून त्यांची रास पेटवायची. ती धुमसत ठेवायची, दिवसचे दिवस. आग भडकू द्यायची नाही. उरलेली खारट राख बांबूच्या मोठ्या शंकूंत भरायची आणि वरून समुद्राचं पाणी ओतायचं. खाली गळतं ते दाट खारं पाणी. ते मातीच्या मडक्यांत, चुलाणावर ओळीनं मांडून, आटवायचं. आटेल तसं भरत राहायचं. शेवटी मडक्याचा बुडखा तडकून गळून पडतो आणि आत मिठाचा एकसंध गोळा दिसतो, धुरकट वासाचा. जेवताना तो भातावर किसून घ्यायचा. पूर्वी या मडक्यांच्या बदल्यात भात मिळे.

हे मीठ स्पेननं मारलं नाही, अमेरिकेनंही नाही. १९९५ साली स्वतंत्र प्रजासत्ताकानं कायदा केला: विकायच्या मिठात आयोडीन हवं. हेतू चांगला, गलगंड आणि मुलांची मतिमंदता रोखण्याचा. पण मडक्यातल्या गोळ्यात आयोडीन कुठून घालणार? घरगुती मिठागरं एकामागून एक बसली. हजारो बेटांचा, चहूकडून समुद्राचा देश आज आपलं बहुतेक मीठ बाहेरून आणतो. आल्बुर्केर्केत बोटांवर मोजण्याइतकी घरं या धंद्यात उरली. मग परदेशी खवय्यांनी त्या गोळ्याला ‘डायनासोरचं अंडं’ म्हणून डोक्यावर घेतलं, आणि मनिलाच्या महागड्या हॉटेलांतही तो किसला जाऊ लागला.

हुधुद. इफुगाओच्या डोंगरातल्या पायऱ्यांच्या भातशेतीत कापणीच्या वेळी म्हणायची गाथा. दोनशेच्या वर कथा, एकेकीचे चाळीस भाग, पुरी म्हणायला कित्येक दिवस. पुढे म्हणणारी बहुधा म्हातारी बाई, बाकीच्या साथीला. २००१ साली युनेस्कोनं हिला मान दिला आणि त्याच वर्षी त्या पायऱ्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेल्या. बाहेर आल्या २०१२मध्ये. तरणी पोरं बागियोला, मनिलाला. बांध ढासळला की दगड बसवणारा हात मिळत नाही. आणि आपल्या घरातली वस्तू मोलाची आहे हे पॅरिसहून कळावं लागतं, हा आजार फक्त त्यांचाच आहे असं म्हणायची आपली सोय नाही.

गोंदण. कालिंगा प्रांतातल्या बुस्कालान गावच्या वांग-ओद. झाडाचा काटा, काजळी, बांबूची काठी, ठक ठक. एके काळी शत्रूचं मुंडकं आणणाऱ्या योद्ध्याच्या छातीवर आणि बायकांच्या हातांवर हे गोंदण असे. शहरात गेलेल्या बायका ते लांब बाह्यांखाली झाकत. एप्रिल २०२३मध्ये ‘व्होग फिलिपिन्स’नं वांग-ओद यांना मुखपृष्ठावर घेतलं, तेव्हा त्या १०६ वर्षांच्या होत्या. आता शहरातली मुलं डोंगर चढून येतात, रांगेत बसतात. भावंडांच्या नाती शिकून तयार झाल्या आहेत, मोठं काम त्याच करतात. आजी तीन ठिपके देतात.

जीपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं मागे टाकलेल्या जीपगाड्या मनिलाच्या लोहारांनी लांब केल्या, समोरासमोर बाकडी टाकली, टपावर संतांची आणि पोरींची नावं रंगवली, नाकावर पत्र्याचे घोडे बसवले. आखातात राबून आलेला माणूस गाडी घेई आणि ही सौदीची कमाई आहे, असं तिच्यावर लिहून टाकी. भाडं हातोहात पुढे जातं, मोड हातोहात मागे येते, मधला कुणी एक नाणं खिशात घालत नाही. २०१७पासून सरकार त्या मोडीत काढतंय: धूर फार, गाड्या जुन्या. दोन्ही खरं. नवी गाडी वीस लाख पेसोंच्या वर, बरीचशी परदेशी बनावटीची, एकीसारखी दुसरी. चालकांनी संप केले.

अननसाचा सदरा. बारोंग. कालिबोत अननसाच्या पानावरून आधी फुटक्या बशीच्या कडेनं जाडा धागा ओरबाडतात, मग नारळाच्या करवंटीनं आतला बारीक. धुवायचा, वाळवायचा, आणि एकेक तंतू गाठ मारून जोडत जायचा. अननस स्पॅनिशांनी अमेरिकेतून आणलेला. विनोबांपासून बाबा आमट्यांपर्यंत आपल्याकडच्या किती तरी जणांना ज्यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला, ते रामोन मॅगसेसे १९५३ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला कोट-टाय न घालता बारोंगमध्ये उभे राहिले. तोवर तसं कुणी केलं नव्हतं. आज लग्नातले बहुतेक बारोंग पॉलिएस्टरचे.

देशाचं नाव. १५४३ साली स्पॅनिश दर्यावर्दी व्हियालोबोसनं लेते आणि सामारला ते दिलं, पुढे स्पेनचा दुसरा फिलिप झालेल्या राजपुत्रावरून. ‘फिलिपिनो’ म्हणत ते इथे जन्मलेल्या स्पॅनिशांना, बाकीचे इंडियो. रिसाल यांच्या पिढीनं ते नाव स्वतःकडे ओढून घेतलं. १९७८ साली देशाला ‘महार्लिका’ म्हणावं असं विधेयक आलं. मार्कोस तेव्हा सत्तेवर होते, आणि त्याच नावाच्या गनिमी फौजेचं आपण महायुद्धात नेतृत्व केलं, असा त्यांचा दावा होता. तो खोटा असल्याची नोंद अमेरिकी लष्कराच्या कागदपत्रांत निघाली. २०१९मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी ते नाव पुन्हा बोलून दाखवलं. पुढे काही झालं नाही. लोक एकमेकांना पिनॉय म्हणतात. हे नाव १९२०च्या दशकात अमेरिकेच्या शेतांवर मजुरीला गेलेल्यांनी घेतलं. त्यासाठी विधेयक लागलं नाही.